कथेंतील ‘मी’चा मृत्यू

कथा लिहूं लागलेल्या विद्यार्थ्यास एक मोह हटकून पडतो. कथा ‘मी’च्या तोंडून सांगावयाची आणि शेवट साधेना म्हणजे त्या ‘मी’लाच मारून टाकावयाचें! ‘माझे डोळे कायमचे मिटले’ असें लिहून लेखक मोकळा होतो. परंतु चतुर वाचक लागलीच विचारतो, ‘डोळे मिटले, तर हें वाक्य लिहिलें कोणीं?’

या प्रश्नास उत्तर नसेल, तर ‘मी’ला मारण्याचा अधिकार लेखकास नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. ‘मी पाहिलें, मी भोगलें, म्हणून सांगतों,’ असा निवेदकाचा वाचकाशीं जणूं करारच असतो. तो मोडावयाचा तर कारणही तसेंच सबळ हवें.

तें असल्यास काय साधतें, हें एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या, १९२९ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या, पहिल्या महायुद्धावरील कादंबरींत दिसतें. पाउल बॉयमर हा तरुण शिक्षकाच्या भाषणांनीं भारून जाऊन वर्गबंधूंसह सैन्यांत शिरतो व सारी हकीकत स्वतःच सांगतो. एकेक सोबती पडत जातो. हा मात्र बोलत राहतो. अगदीं शेवटीं आवाज बदलतो. कोणी परका मोजक्या वाक्यांत सांगतो कीं, १९१८ च्या ऑक्टोबरांत तो पडला, आणि त्या दिवशीं सैन्याच्या पत्रकांत आघाडीवर नवें असें कांहींच नव्हतें. इतका वेळ आपल्याशीं बोलणारा ‘मी’ एकाएकीं ‘तो’ होतो. एका सर्वनामाच्या बदलानें मनास जो चटका बसतो, तो पानेंच्या पानें विलाप लिहून बसला नसता.

ब्राझीलचा माशादो दे आसिस यानें १८८१ च्या पुस्तकांत निराळा मार्ग धरला. त्याचा ब्रास कूबास मेल्यावरच लेखणी हातीं घेतो, आणि तसें आरंभींच सांगून टाकतो. येथें वाचकाची फसवणूक नाहीं. उलट, लोकलज्जेचें भय सरल्यामुळें तो आपले दोषही मोकळेपणीं सांगतो.

‘गोष्टच ती, तिला हिशेब कसला?’ असें कोणी म्हणतील. परंतु कल्पित गोष्टीलाही आपला खरेपणा राखावा लागतो. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें कीं, केवळ शेवट सुचत नाहीं म्हणून ‘मी’चा जीव घेऊं नका. पालकांनींही मुलांची कथा वाचतांना शुद्धलेखनाबरोबर एवढें विचारावें : हें सांगतो कोण, आणि त्यास तें ठाऊक कसें? ही संवय जडली, तर कथेबाहेरच्या ऐकीव वार्तांची पारख करतांनाही ती मुलांच्या जन्मभर उपयोगीं पडेल.