एका पुंगळीचा हिशेब

गेल्या सत्रात फायरिंगच्या दिवशी एक पुंगळी हरवली. पॉइंट टू-टू रायफलची, करंगळीच्या पेराहूनही लहान. आम्हा प्रत्येकाला पाच राऊंड मिळतात आणि पाच रिकाम्या पुंगळ्या परत द्याव्या लागतात. त्या दिवशी मोजणीत एक कमी भरली. उस्तादांनी सगळ्यांना एका रांगेत बसवले आणि गवत हाताने चाचपत पुढे सरकायला लावले. ऊन डोक्यावर, मेसची वेळ टळून गेलेली. पाऊण तासाने ती एका वाळूच्या पोत्याच्या घडीत सापडली. आम्ही मनातून खूप चिडलो होतो. रिकामी तर होती, तिने कोणाचे काय बिघडणार होते?

सुट्टीत पुण्याला गेल्यावर हा किस्सा मी मामाला हसत हसत सांगितला. मामा हसला नाही. "तुमचे उस्ताद बरोबर होते," एवढेच म्हणाला. थोड्या वेळाने तो त्याच्या विद्यापीठाबद्दल बोलू लागला.

मामा अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग या लहान गावी, व्हर्जिनिया टेकमध्ये शिकला. सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये एम. एस. करून २००६ साली परत आला. पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल २००७ च्या रात्री, जेवताना त्याला टीव्हीवर नॉरिस हॉल दिसला. त्या इमारतीत तो कितीदा तरी गेला होता. आता तिच्याभोवती पोलीस होते. फोन लागत नव्हते, म्हणून त्याने कागदावर ओळखीच्यांची नावे लिहिली आणि एकेकाला ईमेल केली. ज्याचे उत्तर येई त्याच्या नावापुढे खूण. "प्रत्येक खुणेला हायसं वाटायचं," मामा म्हणाला, "आणि लगेच लाज वाटायची. आपला मित्र वाचला, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी गेला."

त्या दिवशी ३२ जण गेले. २७ विद्यार्थी आणि ५ शिक्षक. त्यात मामाच्या विभागातील प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते. मूळचे तमिळनाडूचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. आर्किटेक्चर शिकायला गेलेली मुंबईची एक मुलगीही होती. गोळ्या झाडणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. शेवटी त्याने स्वतःलाही संपवले. मामा त्याचे नाव कधी घेत नाही, मीही लिहीत नाही.

आधी सकाळी सव्वासातच्या सुमारास एका हॉस्टेलमध्ये दोघांना मारले गेले. दोन तासांहून अधिक वेळानंतर तोच नॉरिस हॉलमध्ये शिरला. तिथे साधारण अकरा मिनिटांत १७४ गोळ्या झाडल्या गेल्या. हा आकडा वाचल्यावर मला आमची ती एक पुंगळी आठवली.

व्हर्जिनिया टेकमध्ये आपल्यासारखेच कॅडेट आहेत. गणवेश घालून राहतात, परेड करतात. विद्यापीठाच्या मधोमध मैदान आहे, त्याचे नावच ड्रिलफील्ड. त्या सकाळी फ्रेंचच्या वर्गात वीस वर्षांचा एक कॅडेट होता. त्याने दार अडवायला मदत केली आणि मारेकरी आत आल्यावर त्याच्या अंगावर धावून गेला. २०१५ साली त्याला मरणोत्तर एअरमन्स मेडल मिळाले. २०४ क्रमांकाच्या खोलीत ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्ह्यू लिब्रेस्कू दार रोखून उभे राहिले. लहानपणी हिटलरच्या काळातील ज्यूंच्या छळातून वाचलेला हा माणूस. त्यांनी दार धरून ठेवले तेवढ्या वेळात त्यांच्या विद्यार्थ्यांनी खिडक्यांतून उड्या मारल्या.

आपल्या शाळेत अशा गोष्टी सगळ्यांना आवडतात. मलाही आवडतात. पण मामा म्हणाला, "त्यांच्या शौर्याला सलाम कर, पण त्यांच्यावर ही वेळ का आली तेही विचार." मी शोधून वाचले.

तो मुलगा आजारी होता. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने तो स्वतःच्या जिवाला धोका असल्याचे ठरवून त्याला उपचार घेण्याचा आदेश दिला होता. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक विकता येत नव्हती. पण आदेश रुग्णालयात न राहता बाहेरून उपचार घेण्याचा होता, आणि असे आदेश बंदूक विकताना तपासायच्या यादीत पाठवण्याची पद्धत व्हर्जिनियात नव्हती. त्यामुळे २००७ साली त्याने दोन पिस्तुले विकत घेतली, तेव्हा दोन्ही वेळा यादी तपासली गेली आणि दोन्ही वेळा ती कोरी निघाली. एक कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला नाही. नंतर व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी ही फट बुजवली, जानेवारी २००८ मध्ये केंद्राचाही कायदा सुधारला. तोवर ३२ जण गेले होते.

हॉस्टेलमध्ये यावर आमचा वाद झाला. एक मित्र म्हणाला, त्या वर्गात सगळ्यांकडेच पिस्तूल असते तर तो वाचला नसता. मला हे पटत नाही. आपल्याला शस्त्र चालवायला शिकवतात, तरी आपल्यापैकी कोणी उशाशी रायफल घेऊन झोपत नाही. रायफल कोतमध्ये कुलपात असते. बट नंबर सांगून, सही करून घ्यायची आणि सही करून परत द्यायची. उस्तादांनी वीस वर्षे शस्त्र हाताळले आहे, तेही सही करतात. ज्यांना शस्त्राची सर्वांत जास्त माहिती आहे, तेच त्याचा सर्वांत कडक हिशेब ठेवतात. यावरूनच काय ते समजावे.

आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो, म्हणून आपण अगदी निर्धास्त राहावे असेही नाही. लग्नाच्या दिवसांत रात्री शेजारच्या गावातून गोळ्यांचे आवाज आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदात असा बेफिकीर गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी आवाज येतातच. त्या पुंगळ्या कोणी मोजत नाही.

मला वाटते, शौर्य ही शेवटची भिंत आहे. ती लागू नये म्हणून आधीच्या भिंती उभ्या करायच्या असतात: कुलूप, रजिस्टर, सही, मोजणी. त्यांच्यासाठी मेडल नसते. कोत एनसीओचा पुतळा कोणी उभारत नाही. पण त्या सकाळी एक नोंद जागेवर असती, तर ७६ वर्षांच्या शिक्षकाला दार धरून उभे राहावे लागले नसते.

ड्रिलफील्डच्या काठावर आता ३२ दगडांचे स्मारक आहे. दर एप्रिलमध्ये तिथे त्यांच्या आठवणीत ३.२ मैल धावतात. मामा तेवढे अंतर पुण्यात तळजाईच्या टेकडीवर चालतो, एकटाच. "इतक्या लांबून दुसरं काय करणार?" असे म्हणतो. यंदा १६ एप्रिलला मीही आपल्या मैदानाच्या तेरा फेऱ्या मारल्या. ते अंतर जवळजवळ तेवढेच होते.

मित्रांनो, पुढच्या फायरिंगला पुंगळी कमी भरली, तर कुरकुर करू नका. मी पहिल्यांदा गवतात बसेन.