बाटलीतला कर्ब

आगोटीच्या तोंडाला आमच्या गावच्या देवळात सभा झाली. चहा, बिस्किटं, भिंतीवर प्रोजेक्टर आणि टेबलावर काळ्या पाण्याच्या बाटल्यांची रांग. टाय लावलेला मुलगा सांगत होता, एकरी दोन लिटर सोडा, एका हंगामात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्यानं वर. समोरच्या अकरा जणांनी बाटल्या घेतल्या. मी घेतली नाही, हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी मीही एक घेतली होती. तिच्यात आता पॉवर टिलरचं ऑइल ठेवतो.

हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. एक एकर जमिनीतल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण 9 लाख किलो. तिचा अर्धा टक्का म्हणजे साडेचार हजार किलो. दोन लिटरच्या बाटलीतून साडेचार टन कर्ब! टोकलं की मुलगा म्हणतो, "काका, बाटलीत जिवाणू आहेत, ते वाढवतात." अरे बाबा, जिवाणू कर्ब खातात आणि श्वासावाटे हवेत सोडतात. हवेतून कर्ब ओढून आणतं ते हिरवं पान, आणि ते बाटलीत मावत नाही. 2015 च्या पॅरिस हवामान परिषदेत 'हजारात चार' नावाचा जागतिक उपक्रम जाहीर झाला. मातीतला कर्ब दरवर्षी आहे त्याच्या हजारात चार भागांनी वाढवा, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. म्हणजे 1 टक्क्याचे वर्षभरात 1.004 टक्के. जगभरचे शास्त्रज्ञ जिथे तिसऱ्या दशांशावर अडलेत, तिथे आमच्या देवळात अर्धा टक्का वाटला जातोय, वर टोपी फुकट.

शेणखताचे भक्तही फार खूश होऊ नका. एकरी नुसता 0.1 टक्का वाढवायचा तर 900 किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. टिकला म्हणतोय, टाकला नव्हे. दहा किलो टाकला तर काही वर्षांनी एखाद-दीड किलो हाती उरतो. त्या मानानं ओलं शेणखत चाळीसेक टन लागेल, म्हणजे पंधरा-वीस ट्रॉल्या. गावात गुरं उरलीत किती? ज्यांच्याकडे आहेत त्यांचा उकिरडा पहिल्या पावसात ओढ्याला जातो. शिवाय टिकाऊ कर्ब एकटा राहत नाही, दर दहा-बारा किलोमागे किलोभर नत्र मागतो. 900 किलोला 75-90 किलो नत्र. हे गणित लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग आपण करतो काय? कर्ब विकतो, जाळतो, आणि उरलेल्याला चिखलात तुडवतो.

विकण्यापासून सुरुवात करू. भात झोडला की पेंढा टेम्पोत चढतो आणि मुंबईकडच्या तबेल्यांना जातो. पेंढ्याबरोबर पालाशही जातं आणि सिलिकाही. पैसे येतात, नाही म्हणत नाही. लग्नसराईत मीही विकलाय. पण वीटभट्टीला माती विकणाऱ्यांना काय म्हणावं? एका गुंठ्यावरची फूटभर माती म्हणजे चाळीसेक टन. तिच्यात 1 टक्का कर्ब धरला तर गुंठ्यामागे 400 किलो, पिढ्यान्‌पिढ्यांचा, एका दुपारी जेसीबीनं उचलला. ज्यांनी गेल्या वर्षी भट्टीला खाचर खरवडून दिलं, त्यांतले दोघे यंदा बाटली घेताना पुढच्या रांगेत होते.

जाळण्याबद्दल बोलताना जरा जपून बोलतो, कारण राब भाजणारे मूर्ख नाहीत. कवळ तोडून, शेण, गवत, पातेरा थरावर थर लावून दाढ, म्हणजे भातरोपांची जागा, भाजली की तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते आणि रोप सहज उपटतं. आजीनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण चार गुंठ्यांच्या दाढीसाठी अख्ख्या माळावरचा ऐन बोडका होतो, सारा पालापाचोळा एका जागी आणून धूर होतो, आणि वरकस जमीन उघडी पडून पावसाळ्यात लाल पाण्यानं वाहते. गंमत म्हणजे राबात उरलेला काळा कोळसा हाच सगळ्यात चिवट कर्ब. तो शेकडो वर्षं टिकतो, आणि प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत धड मोजलाही जात नाही.

आता कार्डाकडे. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका मिळतात, बारा घटक छापलेल्या. माझ्या कार्डावर सेंद्रिय कर्ब 'अत्यंत जास्त' आहे. शेजाऱ्याचंही तेच, आणि दशांशासकट तेच. नमुना कुणाच्या बांधावरून घेतला देव जाणे. पण कोकणातली जांभी, आम्लधर्मी, बदाबदा पावसाची माती बहुधा असाच मोठा आकडा दाखवते, ही गोष्ट खरी आहे. पाणथळ खाचरात कुजणं सावकाश चालतं, म्हणून कर्ब साचतो. (त्याच साचलेल्या पाण्यातून मिथेनही निघतो, पण तो आकडा कार्डावर नसतो.) घाटावर जिथे पाव-अर्धा टक्का आला तरी देव पावला म्हणतात, तिथे हे कोष्टक ठीक आहे. आमच्याकडे 'अत्यंत जास्त' वाचून माणसं कार्ड पंचांगाच्या मागे खोचतात आणि झोपतात.

माझी झोप एका ग्लासानं उडाली. फेब्रुवारीत खाचरातलं एक वाळलेलं ढेकूळ घेतलं आणि दुसरं बांधावरच्या गिरिपुष्पाच्या बुडाशी, जिथे कधी नांगर गेला नाही तिथलं. दोन स्टीलचे ग्लास नकोत, काचेचे घ्या, दिसलं पाहिजे. दोन्ही ढेकळं पाण्यात अलगद सोडली. खाचरातल्या ढेकळातून बुडबुडे आले, कडा सुटल्या आणि चहा गाळायच्या आत तळाशी चिखलाचा साका. वर पाणी गढूळ. बांधावरचं ढेकूळ संध्याकाळपर्यंत तसंच बसून होतं, पाणी नितळ. तोच गाव, तोच पाऊस, मधे सहा फुटांचं अंतर. फरक चिखलणीचा. टिलरनं माती घोटून घोटून तिचे कण आपणच मोडतो आणि मग ती भेगाळते म्हणून रडतो.

यावरचं उत्तर आमच्याच कर्जत तालुक्यात तयार झालं, ही आणखी लाजेची बाब. नेरळजवळ मालेगावच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी 'एसआरटी' म्हणजे सगुणा राइस टेक्निक उभं केलं. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्यानं 25 सेंटिमीटरवर भोकं पाडून बी टोकायचं, पुढे नांगरणी, चिखलणी, लावणी तिन्ही बंद. कापणीनंतर मुळं जागच्या जागी कुजू द्यायची. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर उसाच्या शेतीत हेच सांगत आले. मी दहा गुंठ्यांवर करतो. पहिल्या वर्षी लोक बांधावर उभे राहून हसले. तिसऱ्या वर्षी गांडुळांची विष्ठा बघायला तेच आले. यात तणनाशक लागतं, हे लपवत नाही, मला ते आवडतही नाही. पण मुंबईहून शनिवारी येऊन फार्महाऊसच्या लॉनवर 'रिजनरेटिव्ह'चे धडे देणाऱ्यांनी त्यावर नाक मुरडू नये. खाचरात दोन फूट मुरूम टाकून तुम्ही जी माती गाडलीत, तिच्यावर आता कुठलंच तण येत नाही.

आणि भातलागवडीची चारसूत्री? डॉ. नारायण सावंतांच्या चार सूत्रांतली पहिली दोन बघा: भाताचे अवशेष पुन्हा शेतात, आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात. उरलेली दोन नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. आमच्या गावानं चारातली फक्त गोळी उचलली, कारण ती दुकानात मिळते. कर्जतला भात संशोधन केंद्र असलेल्या तालुक्याची ही कथा.

आता ते नत्राचं गणित. कर्बाला लागणारं नत्र फुकट आणणारं पीक आमच्या बापजाद्यांकडे होतं: वाल. भात कापला की उरल्या ओलीवर वाल पेरायचा, मुळांवर नत्राच्या गाठी, वर हिरवा पाला, थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी. आज कर्जत-खालापुरातली कितीतरी खाचरं दिवाळीनंतर उघडी पडून उन्हात भाजतात. शेतकऱ्याला विचारा, तो जमिनीचं कारण सांगणार नाही, पाण्याचं नाही. तो सांगेल, उनाड गुरं. एकट्यानं वाल पेरला तर गावात उरलीसुरली सगळी गुरं त्याच्याच शेतात. म्हणून कुणीच पेरत नाही.

पूर्वी गावं गुरं राखायला गुराखी ठेवत आणि त्याला धान्य देत. गेल्या ग्रामसभेत मी विषय मांडला, तेव्हा स्ट्रीट लाइटवर दीड तास बोलून झालं होतं आणि लोक उठत होते. पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. दिवाळी ते होळी गुरं बांधायची, गुराख्याचा पगार घरटी वर्गणीतून. बाटलीमागे जेवढे पैसे गेले त्यातले निम्मे आणा. सरपंच, हा लेख तुमच्यासाठीच लिहिलाय. विषय पत्रिकेवर पहिला घ्या, स्ट्रीट लाइटच्या आधी.