दाखला ब्लॉकचेनवर, किल्ली कुणाकडे?

‘ब्लॉकचेन कुणाच्याच ताब्यात नसते’ हे वाक्य आता मीरा रोडच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. पालक विचारतात, सर, जातीचे दाखले त्यावर आले की खेटे संपतील ना? मी म्हणतो, नाही.

हा प्रश्न हवेतला नाही. 2022 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात 65 हजार जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’वर नोंदवण्याचा उपक्रम सुरू झाला. पॉलिगॉन म्हणजे 2017 साली ‘मॅटिक’ नावानं आपल्याच मुंबईत सुरू झालेलं जाळं. ते इथेरियमवर बसतं.

इथेरियम संथ आहे, कारण तिथे प्रत्येक पेपर प्रत्येक परीक्षक तपासतो. सेकंदाला मोजकेच व्यवहार. म्हणून ‘लेयर टू’ आले: एक जण गठ्ठा तपासतो आणि बांधून बोर्डाकडे पाठवतो. आर्बिट्रम, ऑप्टिमिझममध्ये हरकतीला साधारण सात दिवस. झेडके-सिंकसारख्यांत गठ्ठ्यासोबत गणिती पुरावाच जातो. वेग वाढतो, खर्च उतरतो. हे खरं आहे आणि हुशारीचंही आहे.

पण गठ्ठा बांधणारा कोण? त्याला सीक्वेन्सर म्हणतात, आणि बहुतेक मोठ्या जाळ्यांत तो एकच असतो. ‘बेस’चा सीक्वेन्सर कॉइनबेस ही कंपनी चालवते. जून 2024 मध्ये चोरी रोखायला ‘लिनिया’च्या चालकांनी अख्खी साखळीच थांबवली. हेतू चांगला होता, पण थांबवायचं बटण आहे आणि ते मोजक्यांच्या हातात आहे, हेही त्या दिवशी दिसलं. समर्थक म्हणतात, सीक्वेन्सर उशीर करू शकेल, चोरी नाही. बरोबर. मात्र नियमांचा करार बदलायच्या किल्ल्याही मूठभरांकडेच असतात, त्याचं काय?

पॉलिगॉनची ज्यावर दाखले गेले ती साखळी तर याहून सैल. ती सगळे पेपर बोर्डाकडे पाठवतच नाही, अधूनमधून फक्त गोषवारा पाठवते. बाकी भिस्त शंभरेक पडताळणीदारांवर. ‘रोनिन’ साखळीत असे नऊच होते. मार्च 2022 मध्ये पाच किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि साठ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली.

बनावट दाखला पकडायला हे तंत्र कामाचं आहे, मान्य. पण आमच्या मुलांचं दुखणं बनावट दाखल्याचं नाही, दाखला न मिळण्याचं आहे. ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. तांबोळी, पिंजारी घरातल्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं ‘मुसलमान’ लिहून ठेवलेलं असतं. (आमच्याच पेशाची करणी!) तो कागद मानायचा की नाही, हे प्रांताधिकारीच ठरवतो. अर्ज फेटाळला तर ब्लॉकचेनवर चढवायला उरतं काय?

म्हणून सरकारनं अशा कंत्राटावर सही करण्याआधी जाहीर सांगावं: साखळी कोण थांबवू शकतो, करार कोण बदलू शकतो, कंपनी बुडाली तर दाखला कुठे पडताळायचा. आणि हे मराठीत, उर्दूत, माडियात सांगावं. ज्यांचे दाखले आहेत त्यांना कळेल असं.