तारांकित धातू आणि अलिखित भाषा

ज्या भाषेला लेखनपरंपरा नाही तिला इतिहासही नाही, असे आज कोणी उघडपणे म्हणत नाही. परंतु मराठीत द्राविडी व्युत्पत्तीची चर्चा निघाली की हाच समज मागील दाराने आत येतो. एखाद्या देशी शब्दाशेजारी तमिळ वा कन्नड शब्द ठेवला की मूळ सापडले असे मानले जाते. ओडिशाच्या डोंगराळ भागातील कंध लोकांच्या कुई आणि कुवी या भाषांची साक्ष काढण्याची गरज क्वचितच कोणाला वाटते.

या समजाची वंशावळ जुनी आहे. 1856 साली रॉबर्ट कॉल्डवेल यांनी द्राविडी भाषांचे तुलनात्मक व्याकरण सिद्ध करताना त्यांची ‘संस्कारित’ आणि ‘असंस्कारित’ अशी विभागणी केली. कंधांची भाषा अर्थातच दुसऱ्या वर्गात पडली. पुढे बरो आणि एमेनो यांच्या व्युत्पत्तिकोशाने (1961, सुधारित आवृत्ती 1984) पुनर्रचित मूळ रूपे न देता, तमिळ रूप उपलब्ध असेल तेथे ते नोंदीच्या आरंभी ठेवले. ही केवळ मांडणीची सोय होती. वाचकांनी मात्र त्या क्रमालाच वंशक्रम मानले.

‘देणे’ या अर्थाचा धातू पाहावा. तो तमिळमध्ये ‘ई’, कुईत ‘सी’ आणि कुवीत ‘ही’ असा आहे. कोशातील नोंद साहजिकच तमिळ ‘ई’ने सुरू होते. लिखित परंपरेलाच प्रमाण मानणारा अभ्यासक म्हणेल की कुईने आरंभी ‘स्’ जोडला. परंतु गोंडी आणि कोंडा या भाषांतही ‘सी’ आढळतो, पेंगोत ‘ही’ आढळतो. आणि व्यंजन नव्याने जोडले गेल्याचे समर्थन कोणत्याही ध्वनिनियमाने होत नाही. म्हणून मूळ रूपाच्या आरंभी ‘च्’ होता असे मानावे लागते. कुईने तो ‘स्’च्या रूपाने राखला, कुवीने त्याचा ‘ह्’ केला आणि तमिळने तो पार गमावला. सुमारे दोन हजार वर्षांच्या वाङ्मयाला जे जपता आले नाही, त्याची खूण अलिखित भाषांनी जपली.

याचा अर्थ कुई-कुवी म्हणजे गोठलेले प्राचीनत्व, असा नव्हे. ‘झाड’ या अर्थाच्या शब्दात तमिळचा ‘मरम्’ मूळ वर्णक्रमाच्या जवळ आहे. कुईचा ‘म्रहनु’ त्यापासून दूर गेला आहे. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी 1978 मध्ये दाखविले की असे परिवर्तन सर्व शब्दांत एकदम होत नाही, ते शब्दाशब्दांतून पसरत जाते. प्रत्येक भाषा काही राखते, काही टाकते. तारांकित मूळ रूप म्हणून कोणाच्याच मालकीचे नसते. ते सर्व साक्षींवरून बांधलेले अनुमान असते.

विश्वनाथ खैरे यांच्या ‘संमत’ विचाराने मराठी व्युत्पत्तीवरील संस्कृतची मक्तेदारी प्रश्नांकित केली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु संस्कृत, मराठी आणि तमिळ या त्रिकोणाच्या तिन्ही कोनांवर ग्रंथसंपन्न भाषाच बसलेल्या आहेत. एका प्रमाणग्रंथाच्या जागी दुसरा आणल्याने मूळ दृष्टी बदलत नाही. कुई-कुवीची बहीण असलेली गोंडी गडचिरोली-चंद्रपुरात बोलली जाते. ‘देशी’ शब्दांचा शोध घेणाऱ्या मराठी समीक्षेने ती साक्ष ऐकण्याआधीच निकाल द्यावा, याला विद्वत्ता म्हणता येणार नाही.