मर्कटकुळाचा सांगावा

गेल्या फाल्गुनांतील गोष्ट. सकाळची स्नानसंध्या आटोपून मी ओसरीवर बसलों होतों, तोंच काजूच्या बागेंतून गडी आला व म्हणाला, "मास्तरानूं, वयल्या काजीखालीं वांदर मरान पडलो हा."

घरांत एकच हळहळ झाली. वार नेमका शनिवार. कुटुंबानें गंगोदकाची लोटी, तुळशीपत्र आणि तांबडें वस्त्र काढलें. धाकटे चिरंजीव फावडें घेऊन निघाले. मारुतिरायाच्या कुळांतल्यास असाच निरोप द्यावा, ही आमच्या गांवची रीत. पस्तीस वर्षांपूर्वीं असा एक वानर मीं स्वतःच्या हातांनीं न्हाऊं घालून पुरला आहे. तरीहि त्या दिवशीं मीं सर्वांस दारांतच अडविलें. "कोणी तिकडे फिरकूं नका, आधीं आरोग्य केंद्रास कळवा," असें बजावलें. यावरून घरांत दोन दिवस अबोला होता. नातवानें मात्र सरळ विचारलें, "आजोबा, वानर मेला, त्याचें आपल्याला काय?" त्या प्रश्नाचें उत्तर आज या पानांत देत आहें. वडील मंडळींनींहि तें वाचावें अशी विनंति आहे.

आपल्या कोशकारांनीं वानरास अनेक नांवें दिलीं आहेत. फांद्यांवर वावरतो म्हणून शाखामृग, उड्या मारीत जातो म्हणून प्लवंग, तोंडावर वळ्या म्हणून वलीमुख. सारीं नांवें लक्षणांवरून पडलेलीं. स्वीडनमधील लिनिअस या पंडितानेंहि लक्षणेंच पाहिलीं. आणि १७५८ सालीं माणूस, माकडें, लेमूर व वटवाघुळें यांस एकाच गणांत बसवून त्या गणास 'प्रायमेट', म्हणजे अग्रगण्य, असें नांव दिलें. वटवाघुळें पुढें वगळण्यांत आलीं, माणूस राहिला. आज या गणाच्या दोन मुख्य शाखा मानतात. ओल्या नाकाच्या शाखेंत मादागास्करचे लेमूर आणि आपल्या दक्षिणेच्या रानांतील बटबटीत डोळ्यांची लाजवंती येते. कोरड्या नाकाच्या शाखेंत टार्सियर, अमेरिकेंतील रुंद नाकाचीं माकडें, आपल्याकडील वानर व माकडें, आणि शेंपूट नसलेले सारे येतात: आसामचा हुलॉक, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण.

"माणूस माकडापासून झाला" हें वाक्य निघालें कीं वर्गांत हंशा पिके, आणि मीहि तो प्रश्न हंसण्यावारी नेत असें. आतां त्याची खंत वाटते. कारण तें वाक्यच चुकीचें आहे, व तें सुधारून सांगणें हें माझें काम होतें. चुलत भाऊ हा कांहीं आपला आजा नव्हे; दोघांचा आजा मात्र एक असतो. चिंपांझीचा व आपला सामाईक पूर्वज सुमारें ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वींचा मानितात. दारांतल्या वानराशीं आपली वाटणी त्याहून फार जुनी, अडीच ते तीन कोटि वर्षांपूर्वींची. नातें दूरचें खरें. पण कूळ एकच.

आणि भाऊबंद म्हटले म्हणजे सुतक आलेंच. शरीराची घडण एका कुळाची, म्हणून कित्येक रोगहि सामाईक. १९०८ सालीं व्हिएन्ना येथें लांडस्टायनर यांनीं पोलिओनें दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांस टोंचला, तों त्यांच्यांतहि तेंच दुखणें उत्पन्न झालें. उलट १९६६ सालीं आफ्रिकेंत गोंबे येथें, जेन गुडॉल बाई ज्यांचा अभ्यास करीत त्या चिंपांझींमध्यें पोलिओ शिरला व कित्येक लुळे झाले. हें सुतक दोहों बाजूंनीं लागतें.

आतां आपल्या दारची गोष्ट. कर्नाटकांत शिमोगा जिल्ह्यांत क्यासनूर नांवाचें रान आहे. १९५७ सालीं तेथें वानर व माकडें मरूं लागलीं, आणि आसपासच्या गांवांत माणसेंहि तापानें फणफणूं लागलीं. प्रथम पीतज्वराची शंका आली. परंतु पुण्याच्या विषाणुसंशोधन केंद्रानें तपास केला, तों विषाणु अगदीं नवा निघाला. लोक या रोगास माकडताप म्हणतात. नांव माकडाचें, पण माणसास ताप देते ती रानांतली गोचीड. रोगी वानर मेला कीं त्याच्या अंगावरच्या गोचिडी खालीं उतरतात, आणि तेथें पाचोळा गोळा करणाऱ्यास किंवा काजू वेंचणाऱ्यास चावतात. २०१५ सालीं हा ताप गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत आणि २०१६ सालीं आमच्या सिंधुदुर्गांत दोडामार्ग तालुक्यांत आला. त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे ऐन काजूचा.

एकाएकीं जोराचा ताप, डोकेंदुखी, अंग मोडून येणें, क्वचित् नाकांतून वा हिरड्यांतून रक्त येणें, हीं त्याचीं लक्षणें. शंभर रोग्यांत ३ ते ५ दगावतात. रामबाण औषध नाहीं. पूर्वींची लस अपुरी ठरून मागें पडली. एका माणसापासून दुसऱ्यास मात्र तो होत नाहीं, म्हणून रोग्यास वाळींत टाकूं नये. रानांत किंवा बागेंत जातांना अंगभर कपडे घालावे, उघड्या अंगास गोचीड-प्रतिबंधक तेल लावावें, पाचोळ्यावर बसूं नये. परत आल्यावर ऊन पाण्यानें स्नान करून कपडेहि गरम पाण्यांत धुवावे. गुरांच्या अंगावरील गोचिडींकडेहि दुर्लक्ष नको. ताप आला तर रानांत गेलों होतों हें वैद्यांस आवर्जून सांगावें. आणि मेलेला वानर दिसला तर हात न लावतां, जवळ न जातां, त्याच दिवशीं आरोग्य केंद्रास कळवावें.

आमच्या बागेंत केंद्राचे लोक आले. त्यांनीं भोंवतीं औषधी पूड टाकली, तपासणीसाठीं अंश घेतला व देहाची रीतसर विल्हेवाट लावली. पुढें निकाल आला: तो वानर माकडतापानें मेला नव्हता. कुटुंब म्हणाली, "पाहिलेंत? उगीच त्या जिवाचा निरोप चुकला." मीं म्हटलें, "निरोप चुकला खरा. पण त्या आधीं त्यानें आपल्याला निरोप पाठविला असता, तर तो वाचायला नको होता कां?" ती कांहीं बोलली नाहीं. सायंकाळीं मारुतीच्या देवळांत दिवा लावून आली. दुसऱ्या दिवशीं बागेंत निघालेल्या गड्यास तिनेंच हांक मारली आणि तेलाची बाटली त्याच्या हातीं दिली.