लेकरू, वय वर्षे २१

आईसाठी तुम्ही कितीही 'बाळ' असलात, तरी व्हिसा ऑफिसर काही तसं मानत नाही बरं का! बाबा परदेशात सेटल झालेत, आता आई निघालीय आणि तुम्हीही सोबत जायचं म्हणताय? मग आधी स्वतःची जन्मतारीख बघा.

ब्रिटनमध्ये आईच्या अर्जासोबत साधारणपणे १८ वर्षांखालचीच मुलं जातात. कॅनडात २२ खालची, तीही अविवाहित. अमेरिकेत रेघ २१ ची. बाबांकडे ग्रीन कार्ड असेल, तर २१ नंतर तुमची रांग आईपेक्षा वेगळी आणि कितीतरी वर्षं लांब. २००२ च्या कायद्याने थोडा दिलासा दिलाय : पिटिशन मंजूर व्हायला लागलेला काळ वयातून वजा होतो. म्हणजे वाढदिवसाआधी अर्ज भरणं केव्हाही शहाणपणाचं. पण खरी मेख पुढेच आहे. बाबा ग्रीन कार्डवर असताना तुम्ही लग्न केलंत, की पिटिशन रद्द!

तेव्हा रांगेत नाव जरूर लावा, पण त्यासाठी नोकरी सोडून बसू नका. आणि लग्नाचं घाटत असेल, तर हा हिशेब आईसमोर आजच मांडा. तिची बॅग भरून झाल्यावर नको.