पक्षी हट्टी नसतो हो!

ज्यांच्या ज्यांच्या घरी पक्षी आहेत त्यांची तक्रार एकच. "बाहेर सोडलं की परत पिंजऱ्यात जायचं नावच घेत नाही!" मग पुढची विशेषणं ठरलेली. हट्टी, आगाऊ आणि (आमच्या नात्यातल्या ज्येष्ठांचं लाडकं) कृतघ्न. "एवढं खायला-प्यायला घालतो, तरी बघा!"

माझा या विशेषणांवरच आक्षेप आहे. पिल्लू परत येत नसेल तर दोष पिल्लाचा नाही. ते आपणच त्याला शिकवलेलं असतं, आणि तेही अगदी रोजच्या रोज.

आधी हा प्राणी कोण ते बघू. आपल्याकडे दुकानदार 'लव्हबर्ड' म्हणून जी जोडी देतो, ते बहुतेक वेळा बजरीगार असतात, म्हणजे बजी. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजी ऑस्ट्रेलियाचे. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून घरोघरी पसरले. वजन सारं ३०-४० ग्रॅम. साधारण पाचव्या आठवड्यात पिल्लू घरट्याबाहेर पडतं आणि लवकरच आपल्या हॉलमध्ये येऊन पोचतं.

आता त्याच्या बाजूने बघा. तासभर मजेत बागडून झालं. मग अचानक एक माणूस हात पसरून मागे लागला. खिडकीवरून पडद्यावर, पडद्यावरून ट्यूबलाइटवर. दुसरा टॉवेल घेऊन आला. मुलं टाळ्या पिटताहेत, कुणीतरी केरसुणी नाचवतंय. शेवटी धाप लागून कोपऱ्यात पडल्यावर वरून झडप आली आणि मुठीत आवळून पिंजऱ्यात कोंबलं. दार खाड्कन बंद!

लहान पक्ष्याच्या दुनियेत वरून झडप घालतो तो शिकारीच. त्यात पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हलवूनच ते श्वास घेतात. छाती मुठीत आवळली की श्वासच अडकतो. एवढं सोसल्यावर पिल्लू दोन धडे शिकतं. एक, माणसाचा हात वाईट. दोन, पिंजरा म्हणजे मजा संपली. दुसऱ्या दिवशी ते पेल्मेटवर बसून राहिलं तर त्याला हट्टी का म्हणायचं? हुशार म्हणा की.

आणि पेल्मेटवर बसण्यामागे आणखी एक साधं कारण असतं. उडायला नुकतंच शिकलेल्या पिल्लाला वर जाणं लवकर जमतं, नेमकं खाली उतरणं उशिरा. खूपदा ते खाली कसं यायचं हे न कळून अडकलेलं असतं, आणि आपण खालून "ये ना रे, येतोस का नाही!" म्हणून डोळे वटारतो.

यावर लोक सुचवतात ते उपाय तर विचारूच नका.

पहिला उपाय, पंख कापा. आधीच उतरता न येणाऱ्या पिल्लाचे पंख कापले की ते धपकन छातीवर आपटतं. कापलेली पिसं झडून नवी येईपर्यंत काही महिने जातात, म्हणजे उडणं शिकण्याचं वयच निघून जातं. "पंख्यात जाऊ नये म्हणून कापतो" असं म्हणणाऱ्यांची काळजी मला कळते. सिलिंग फॅनने खरोखरच पक्षी मरतात. पण मग फॅन बंद करा ना! बटण भिंतीवर आहे, पक्ष्याच्या अंगावर नाही.

दुसरा उपाय, उपाशी ठेवा. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. जेवणाच्या वेळेआधी थोडी भूक असणं वेगळं आणि दिवसभर वाटी रिकामी ठेवणं वेगळं.

तिसरा, दिवे घालवून अंधारात पकडा. आग लागली, गॅस गळला, तर जरूर पकडा, हलक्या हाताने. पण रोज संध्याकाळी? अंधारात कुठूनही हात येऊ शकतो हे एकदा कळलं, की त्या जिवाला रात्रीचीही झोप स्वस्थ लागायची नाही.

मग करायचं काय? ज्यांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे त्यांना विचारा. कबुतरं पाळणारा माणूस कोवळ्या पाखरांच्या मागे पत्र्यांवरून धावत नाही. दाणे घालायच्या वेळेआधी पाखरं सोडतो, थोडी उडू देतो आणि मग दाण्यांचा डबा खुळखुळवतो. दाणे मिळतात ते ढाबळीतच. अमेरिकेत स्किनरसाहेबांनी कबुतरांवर प्रयोग करून शास्त्र उभारलं, त्याचं सार या माणसाला डबा हलवता हलवता ठाऊक असतं. ज्या कृतीनंतर काहीतरी चांगलं मिळतं, ती कृती प्राणी पुन्हा करतो.

घरात हेच करायचं. पहिले काही दिवस दार उघडायचंच नाही. पिंजऱ्याच्या आतच बोटावर किंवा एका दांडीवर चढायला शिकवायचं. बक्षीस म्हणून राळे, दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो ते. राळ्याचं कणीस मिळालं तर सोन्याहून पिवळं. बक्षिसाचं हे कणीस एरवी समोर टांगून ठेवू नका, नाहीतर त्याची किंमत राहणार नाही.

मग खोली तयार करायची. फॅन बंद, खिडक्या बंद, काचांवर पडदे, गॅस बंद, पाण्याची बादली झाकलेली. जेवणाच्या वेळेआधी दार उघडायचं. दाणापाणी फक्त आत, बाहेर टेबलावर लाडाची वाटी नाही. आत गेला की कणसाचा तुकडा. आणि (इथेच सगळे चुकतात) लगेच दार लावायचं नाही! खाऊ द्या, परत बाहेर येऊ द्या. कधी दार लावून बक्षीस द्या आणि मिनिटाभराने पुन्हा उघडा. आत जाणं म्हणजे कोंडणं नव्हे, हे त्याला पुन्हा पुन्हा अनुभवू द्या. वर अडकलं असेल तर ओळखीची दांडी पुढे धरा, चढलं की पिंजऱ्यापर्यंत न्या. पहिल्या फेऱ्या संध्याकाळच्या ठेवा. अंधारून येताना पाखरू आपणच बसायची जागा शोधतं.

आता नेहमीचा शेरा येईलच. "एवढा पुळका आहे तर पाळताच कशाला? सोडून द्या आकाशात." आपल्या देशी पोपटांबद्दल हे बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, त्यामुळे "आमच्या लहानपणी वाड्यात मिठू होता" ही आठवण गोड असली तरी परत करायची नाही. (त्या गोल पिंजऱ्यात मिठूला पंख तरी पसरता येत होते का, हेही आठवून बघा.) पण पिंजऱ्यात जन्मलेला बजी बाहेर सोडला तर त्याला दाणा शोधता येत नाही आणि कावळ्यापासून वाचता येत नाही. ती सुटका नव्हे. त्याला आणलं आपण, तेव्हा पुढची जबाबदारीही आपलीच.

मला खरी चिंता त्या टाळ्या पिटणाऱ्या मुलांची आहे. आपल्यापेक्षा लहान, दुबळा कुणी ऐकत नसेल तर चौघांनी मिळून त्याला कोपऱ्यात गाठायचं, हे ती रोज संध्याकाळी बघतात, वर त्याला 'लाड' म्हणतात. त्याच मुलांच्या हातात राळ्याचे चार दाणे द्या आणि गप्प बसून वाट बघायला सांगा. पाखरू आपण होऊन बोटावर येतं तेव्हा त्यांचे चेहरे बघा.

असो. टॉवेल धुवायला टाका, केरसुणी जागेवर ठेवा. कुणाचं पिल्लू आठवड्यात शिकेल, कुणाचं महिन्याने. घाई आपल्याला असते, त्याला नाही.